माथेरानचं एक लॉज, दोन हस्ताक्षरं आणि अडतीस वर्षं

अबोली_ब | मंगळवार, रात्री १०:४०

गेल्या महिन्यात मावशीचं बदलापूरचं घर आवरायला गेले होते. पंच्याहत्तरी झाली तिची, एकटी राहते, माळ्यावरचं सामान आता तिच्याने निघत नाही. वरून एक पत्र्याची ट्रंक काढली तर आत लाल कापडी बांधणीच्या लांबोळक्या वह्या, दुकानात रोजमेळाला वापरतात तशा. मोजल्या, ३१ निघाल्या. बाकीच्या वाळवीने खाल्ल्या म्हणाली.

मावशी आणि काकांनी १९७१ ते २००९ अशी ३८ वर्षं माथेरानला लॉज चालवलं. बारा खोल्या, पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर आणि जांभळाखाली जेवणाचा मांडव. लॉजचं नाव इथे लिहीत नाही, मावशीला ते आवडणार नाही. राहून गेलेल्यांना निळं फाटक आणि जेवणाची पितळी घंटा एवढी खूण पुरे.

काका मूळचे कर्जतकडचे. एकोणिसाव्या वर्षी एका पारशी कुटुंबाच्या बंगल्यावर हिशेब बघायला वर गेले. पुढे त्या मंडळींचं येणं थांबलं तेव्हा तोच बंगला त्यांनी भाड्याने घेतला, आणि लग्नानंतर दोघांनी मिळून लॉज सुरू केलं. मावशी तेव्हा एकवीस वर्षांची. कल्याणची मुलगी, घरात नळ, कोपऱ्यावर वाणी. लग्नाआधी ती माथेरानला एकदाच गेली होती, शाळेच्या सहलीला.

माथेरानला मोटार चढत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, घोड्यावर नाहीतर हातरिक्षात. पाहुण्याला यात मौज वाटते. लॉज चालवणाऱ्याच्या घरात मात्र मिठाच्या पुडीपासून पलंगापर्यंत प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी डोक्यावरून नाहीतर घोड्याच्या पाठीवरून आलेली असते. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो, तोही तसाच. त्यामुळे मावशी कुठलीही वस्तू वाया गेलेली बघू शकत नाही. आजही कोथिंबिरीच्या काड्या ती वेगळ्या बांधून ठेवते आमटीसाठी.

आणि तिथली ती तांबडी माती! पहिल्या हंगामाला काकांनी हौसेने पांढऱ्याशुभ्र चादरी आणल्या. दिवाळी संपेपर्यंत सगळ्या गुलाबी. धुऊन धुऊन मावशीच्या हाताची सालं निघाली. पुढच्या वर्षी तिने सगळ्या चादरी विटकरी रंगाच्या घेतल्या. पाहुण्यांना वाटायचं काय छान रंग निवडलाय.

तर या वह्या. ऑफिस आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक खिडकी होती, तिच्या गजाला ही वही टांगलेली असायची, सुतळीला पेन्सिल बांधून. हंगामात दोघांना समोरासमोर बसून बोलायला वेळच नसे. काका फाटकावर, स्टेशनवर, पाहुण्यांमागे, मावशी चुलीपाशी. मग जो खिडकीवरून जाईल तो वहीत लिहून जायचा. काकांचं अक्षर तिरपं, घाईचं, मावशीचं गोल, पाटीवर गिरवल्यासारखं. थोड्या नोंदी उतरवते. (का) म्हणजे काका, (मा) म्हणजे मावशी.

(का) ४ नंबरला जादा गादी. पाणी कमी आहे. बंब साडेचारला पेटवावा.
(मा) बटाटे ४० किलो आले, ३ किलो नासके. घोडेवाल्याला बोलू नये, नेरळलाच भिजले होते.
(का) ७ नंबरच्या आजींना मीठ वर्ज्य.
(मा) वेगळी आमटी केली आहे. तुम्ही सकाळपासून नुसत्या चहावर आहात. पोळी फडताळात, खालच्या कप्प्यात.
(का) खाल्ली.

भांडणंसुद्धा वहीतच. हे १९८४च्या मे महिन्यातलं, एका कासंडीवरून, म्हणजे दुधाच्या भांड्यावरून :

(का) पितळी कासंडी १ कमी. हिशेबात लागत नाही.
(मा) मी दिली आहे.
(का) कोणाला?
(मा) गरज होती तिला. परत विचारू नये.
(का) बरं.

त्या "बरं"च्या खाली पेन्सिल इतकी दाबली आहे की पुढच्या पानावर वळ उठलाय.

माझ्या लहानपणीचे सगळे मे महिने तिथे गेले. मला ती सुट्टी वाटायची. जांभळं, घोडे, पॅनोरमा पॉइंटवरचा सूर्योदय. मावशीची मुलगी, माझी ताई, माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी. ती आठवते ती पाण्याचे तांबे घेऊन मांडवात फिरणारी. चौथीनंतर शाळेसाठी ती कल्याणला आजीकडे होती. म्हणजे वर्षभरात आईवडिलांजवळ राहायचे दिवस हेच, आणि नेमके याच दिवसांत आईवडील तिचे नसायचे. हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं, ताईने सांगितल्यावर.

लॉजची माणसं म्हटलं की सगळे काकांचं नाव काढतात. त्यांना माणसं ओळखायची कला होती, ते खरंच. पण वह्या वाचल्यावर वाटलं की या दोघांबद्दल एकत्र लिहायला हवं. तुमच्यापैकी कोणी कधी राहिला असाल तर आठवणी लिहा, मी मावशीला वाचून दाखवते.

---

खडीसाखर | मंगळवार, रात्री ११:१५

अबोली, किती सुंदर लिहिलं आहेस. "खाल्ली" या एका शब्दात अख्खा संसार आला. अजून नोंदी दे ना. आणि पावसाळ्यात काय लिहीत असत?

---

रुळांचं_वेड | मंगळवार, रात्री ११:५२

धागा वाचून झोप उडाली. मी लॉजवर राहिलेलो नाही, पण नेरळहून माथेरानला चढणाऱ्या त्या छोट्या गाडीपायी नेरळच्या किती खेपा झाल्या याची गणती नाही. माथेरानच्या कुठल्याही धंद्याची गोष्ट गाडीवाचून पुरी होत नाही, म्हणून थोडं लिहितो.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट डोंगर चढून गेले आणि साहेबलोकांची ये-जा सुरू झाली. पण तेव्हा वर जायचं तर घोडा, पालखी नाहीतर पाय. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी ही गाडी मनावर घेतली, पैसा घरचाच, वडील सर आदमजींचा. १९०४ साली काम सुरू, १९०७ साली गाडी वर पोचली. रुळांमधलं अंतर फक्त २ फूट, लांबी सुमारे २१ किमी. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज ही स्टेशनं. वळणं इतकी अंगाबाहेर की खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन समोर दिसतं. पावसाळ्यात खालचा मार्ग बंद असतो.

२६ जुलै २००५ च्या पावसात हा मार्ग ठिकठिकाणी वाहून गेला. २००७ मध्ये गाडीला शंभर वर्षं होत होती तेव्हा कुठे ती परत धावली. मधली दीड-पावणेदोन वर्षं वरच्या लोकांनी कशी काढली असतील हे मला नेहमी जाणून घ्यायचं होतं. २००५ ची वही आहे का?

---

अबोली_ब | बुधवार, दुपारी ३:०५

खडीसाखर, तू विचारलंस म्हणून पुन्हा सगळ्या वह्या चाळल्या. प्रत्येक वर्षी जूनच्या मध्यापासून पुढे पानं कोरी. थेट दसऱ्याच्या आसपास पहिली नोंद येते, बहुतेक वेळा "गाद्या उन्हात घातल्या" अशी. मला वाटलं, पाहुणेच नाहीत तर लिहिणार काय. तरी मावशीला फोन करून विचारलं.

ती म्हणाली, "अगं, तेव्हा आम्ही बोलायचो ना."

मग ती जे बोलत सुटली ते तासभर. पूर्वी पावसाळ्यात वर कोणी यायचं नाही, गाडी बंद, बाजारातली निम्मी दुकानं बंद. पाऊस लागायच्या आत काका माणसं लावून बंगल्याच्या पश्चिमेच्या भिंतीला गवत आणि ताडपत्री बांधून घ्यायचे. तांदूळ, डाळ, कांदे, घासलेट, लाकडं सगळं भरून ठेवायचं. आणि मग चार महिने घरात दोघंच. मुलं कल्याणला. ढग खिडकीतून आत यायचे, चादर अंगाला चिकटायची, पुस्तकांना बुरशी. गाद्यांना कुबट वास लागू नये म्हणून एक दिवसाआड खोल्याखोल्यांतून शेगडी फिरवायची, तिच्यात थोडा ऊद टाकून.

आणि स्वयंपाक काका करायचे! हे मला माहीतच नव्हतं. हंगामात ज्यांनी कधी पळी हातात धरली नाही ते काका जून लागला की मावशीला म्हणायचे, "आता तू पाहुणी." पिठलं, भाकरी, कुळथाचं कढण, एवढंच यायचं त्यांना. भाकऱ्या जाड व्हायच्या. मावशी पाटावर बसून खायची. पाऊस थोडा उघडला की घोंगडी घेऊन दोघं शार्लोट तलावावर जायची, भरून वाहताना बघायला. तिथेच पिसारनाथाचं देऊळ आहे, गावाचं दैवत. देवळात बसून पाण्याचा आवाज ऐकायचा आणि परत यायचं. तिच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं देते : "लोकांचा मे महिना तो आमचा कामाचा, आणि लोकांना नको असलेला श्रावण आमचा."

रुळांचं_वेड, २००५ ची वही आहे. आणि तेवढ्या एकाच वर्षी पावसाळ्याची पानं भरलेली आहेत.

ताईचं बाळंतपण होतं म्हणून मावशी जुलैच्या सुरुवातीला कल्याणला गेली होती. काका वर एकटे. २६ तारखेनंतर फोन बंद पडले, वर काय झालं ते खाली कळेना आणि खालचं वर. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी उल्हास नदीने बदलापूर-कल्याणची काय दशा केली होती. काकांनी ते अकरा दिवस वहीत लिहिले आहेत. ती नव्हती, म्हणून लिहिले.

२७ जुलै. रात्रभर डोंगर हलल्यासारखा वाटला. मागची भिंत उभी आहे. तुझ्या तुळशीची कुंडी गेली.
२८ जुलै. पिठलं केलं. एकट्याला जास्त झालं.
२९ जुलै. बाजारात म्हणतात खाली पाणी फार. तू कोरडी आहेस ना? पोरगी कशी आहे?
१ ऑगस्ट. रुळाने चालत वॉटर पाईपपर्यंत जाऊन आलो. रूळ नुसते हवेत लोंबतायत, खालची माती गेली. ही दिवाळी गेली असं धर.
४ ऑगस्ट. आज काही नाही.
६ ऑगस्ट. माणूस आला. मुलगी झाली म्हणतो. दोघी सुखरूप.

सहा तारखेच्या नोंदीखाली मावशीचं अक्षर आहे, पंधरा दिवसांनी वर पोचल्यावरचं. "तीनही सुखरूप. तुळस नवीन लावली."

---

रुळांचं_वेड | बुधवार, दुपारी ४:२०

"एकट्याला जास्त झालं." वाचून बराच वेळ गप्प बसलो. २००५ बद्दल इतकी वर्षं मी फक्त रुळांची छायाचित्रं गोळा करत होतो.

---

ऋचा_एडिसन | बुधवार, रात्री ९:३०

निळं फाटक! पितळी घंटा! आम्ही राहिलो आहोत, नक्की तेच. लग्नानंतर लगेच, डिसेंबर १९८८. घरच्यांचा लग्नाला विरोध होता, त्यामुळे फिरायला जायला पैसे नव्हते आणि निरोप द्यायला कोणी नव्हतं. चार दिवसांचं भाडं भरून पाचव्या दिवशी निघायचं ठरवलं होतं. काकूंनी विचारलं, घरी कोण वाट बघतंय? मी काही बोलले नाही, रडायला आलं. त्यांनी आणखी दोन दिवस ठेवून घेतलं आणि पैसे घेतले नाहीत. निघताना ओटी भरली माझी. माहेरून जी भरली गेली नव्हती ती. नारळ, खण नव्हता म्हणून त्यांच्याच ट्रंकेतलं एक ब्लाउजपीस, आणि चिक्कीचा पुडा.

सदतीस वर्षं होतील. आम्ही न्यू जर्सीत आहोत, दोन मुलं मोठी झाली. ते ब्लाउजपीस मी शिवलं नाही, तसंच आहे. त्यांना सांगशील का, की दोन खोल्या सोडून तिसऱ्या खोलीत राहिलेली, सारखी रडणारी मुलगी बरी आहे म्हणून?

---

अबोली_ब | बुधवार, रात्री ११:०२

ऋचा, डिसेंबर १९८८ ची वही वाळवीतून वाचलेल्यांत आहे. आत्ता बघितली.

(का) ३ नंबरचे आज निघणार होते. बिल करू?
(मा) करू नये. मुलगी माझी आहे असं धरा.
(का) धरलं.

उद्या सकाळी मावशीला सगळं वाचून दाखवते.

---

मीरा_परतवाडा | गुरुवार, सकाळी ७:४८

मी आणि नवरा गेली अकरा वर्षं चिखलदऱ्याला सहा खोल्यांची जागा चालवतो. तिथे गाड्या दारापर्यंत येतात, त्यामुळे तुझ्या मावशीसारखे कष्ट आमच्या वाट्याला नाहीत. तरी या धाग्यातलं एकेक वाक्य माझ्या घरातलं आहे.

लोक म्हणतात, तुमचं काय बाई, रोजच हिल स्टेशनला. देवी पॉइंटचा सूर्यास्त मी शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही. सूर्यास्ताच्या वेळेला भजी लागतात. भिंती पातळ, पाहुणे पलीकडे, त्यामुळे नवराबायकोने आवाज चढवायची सोय नाही. आम्ही भांडायला गाडीत बसून घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत जातो. खरंच. तिथे कॉफीच्या बागेचं एक जुनं कुंपण आहे, तिथे गाडी लावायची, भांडायचं, आणि परत येऊन पाहुण्यांना चहा विचारायचा.

आजच एक वही आणून खिडकीत बांधणार आहे.

एक विचारायचं होतं. त्यांनी लॉज बंद कशामुळे केलं? मुलांनी का नाही घेतलं?

---

स्पष्ट_बोलतो | गुरुवार, सकाळी १०:१०

लेख मनापासून आवडला. तरी एक गोष्ट सांगतो, राग मानू नका. ४० किलो बटाटे, ३० किलोचा सिलिंडर, हे सगळं वर आणणारी माणसं या गोष्टीत कुठे आहेत? घोडेवाला एकदा येतो, तोही नावाशिवाय. माथेरानच्या उतारावर ठाकर, कातकरी, धनगरांच्या वाड्या आहेत. तिथल्या बायका पहाटे गवताचे, लाकडाचे भारे आणि दुधाच्या कासंड्या डोक्यावर घेऊन डोंगर चढत आल्या. लॉजचा संसार त्यांच्या मानेवर उभा होता. हातरिक्षा माणसाने माणसाला ओढायच्या. या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ च्या ऑगस्टमध्ये द्यावा लागला. स्वातंत्र्यसैनिक वीर भाई कोतवाल जन्मले त्या गावात हे इतकी वर्षं चाललं याचं वाईट वाटतं.

---

खडीसाखर | गुरुवार, सकाळी १०:३१

स्पष्ट_बोलतो, मुद्दा खरा आहे, पण हा धागा अबोलीच्या मावशीचा आहे. वेगळा काढा ना.

---

अबोली_ब | गुरुवार, संध्याकाळी ६:१५

नाही खडीसाखर, इथेच असू दे. ते बरोबर बोलतायत. मी मावशीला त्यांचा प्रतिसादही वाचून दाखवला.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लिही त्याला, खरं आहे. पहिली काही वर्षं मलाही दिसलं नाही. ओझं दारात आलं की मी ओझं बघायची, माणूस नाही बघायची." पुढे तिला पाच महिने असताना एकदा ती दस्तुरीहून नुसती रिकाम्या हाताने चालत आली आणि वाटेत तीनदा बसली. त्या दिवसापासून तिने मागच्या दारी दोन गोष्टी सुरू केल्या. ओझं घेऊन येणाऱ्याला आधी गूळ-पाणी आणि जेवण, मग मोजमाप. आणि पैसे त्याच दिवशी, हंगाम संपेपर्यंत थांबवायचे नाहीत. काकांना दुसरी गोष्ट जड गेली, कारण पाहुण्यांचे पैसेच उशिरा यायचे. वहीत त्यावरूनही खडाजंगी आहे, तीन पानं. हातरिक्षाबद्दल ती म्हणाली, बंद होतेय ते उत्तम, फक्त ओढणाऱ्यांच्या हाती त्याआधी ई-रिक्षा द्या.

तेवढ्याने सगळ्याची भरपाई होते असं ती म्हणत नाही, मीही म्हणत नाही.

मीरा, तुझा प्रश्न. २००९ चा ऑगस्ट. रात्री काकांच्या छातीत दुखायला लागलं. पाऊस कोसळत होता, अॅम्ब्युलन्स दुसऱ्या रुग्णाला घेऊन खाली गेलेली. शेजारच्या वाडीतल्या सहा मुलांनी वेताच्या खुर्चीला बांबू बांधले, काकांना बसवलं, वरून ताडपत्री धरली आणि अंधारात दस्तुरीपर्यंत नेलं. मावशी कंदील घेऊन पुढे. जवळजवळ तीन किलोमीटर. काका वाचले. एरवी डोंगर सोडायचं नाव न काढणाऱ्या माणसाने शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय उच्चारावं? "आता यांना परत माझं ओझं नको." त्या दिवाळीला लॉज उघडलंच नाही.

ताई बँकेत आहे, भाऊ पुण्याला. काकांनी दोघांनाही कधी विचारलं नाही. ताई मला म्हणाली, "विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, आणि त्यांनी विचारलं नाही याचंही वाईट वाटलं."

काका २०१६ साली बदलापूरला वारले. त्या वर्षी मे महिन्यात डबे घसरले म्हणून गाडीही बंदच होती. अस्थी पिसारनाथापाशी न्यायच्या असं मावशीच्या मनात होतं, तर दस्तुरीपासून ती पायी चालत गेली. घोडा नको म्हणाली, रिक्षा तर नाहीच. छासष्टाव्या वर्षी. मी बरोबर होते. वाटेत आता पेव्हर ब्लॉक बसवलेत, तिथे तिच्या चपला घसरत होत्या. कडेच्या तांबड्या मातीवर उतरली आणि मग भराभरा चालू लागली.

ऋचा, तुझा निरोप दिला. "ते शिवायला दे म्हणावं, कापड ठेवून काय करायचंय" असं म्हणाली, आणि मग बराच वेळ डोळे पुसत होती.

---

स्पष्ट_बोलतो | गुरुवार, रात्री ८:४०

मावशींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, एवढं फार कमी लोक करतात.

---

नेरळचा | शुक्रवार, सकाळी ६:२०

मी इथे नुसता वाचक. चार वर्षांत पहिल्यांदा लिहितोय, चूकभूल माफ करा.

आमची वाडी जुम्मापट्टीच्या वरच्या अंगाला. माझी आजी तीस वर्षं माथेरानला दूध घालायची. पहाटे तीनला निघायची, उजाडताना वर. पाच-सहा बंगले होते तिचे. काल रात्री तिला धागा वाचून दाखवला, कारण निळं फाटक तिच्या बोलण्यात कायम असतं.

१९८४ च्या उन्हाळ्यात आजीचा पाय निसटला, दूध सांडलं आणि घागर दरीत गेली. मातीची होती, आणि दुसरी घ्यायला पैसे नव्हते. तशीच रिकाम्या हाताने वर गेली, सांगायला की आज दूध नाही. तिथल्या बाईंनी तिचा गुडघा धुतला, हळद लावली, जेवायला घातलं, आणि जाताना स्वयंपाकघरातली पितळी कासंडी तिच्या हातात दिली.

आजी आता ऐंशीच्या पुढे आहे. कान चांगले आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. मी वहीतलं ते भांडण वाचलं, "कोणाला?", "परत विचारू नये", तेव्हा ती उठून आत गेली आणि चाचपडत कासंडी घेऊन आली. मला म्हणाली, "त्या बाईला सांग, तिची कासंडी हाय माझ्याकं. आन् मालकाला तेव्हाच कळलं व्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात बघितली त्यांनी. काय बोलले नाय, दूध मोजून घेतलं."

---

अबोली_ब | शुक्रवार, सकाळी ९:०५

नेरळचा, मी ऑफिसला निघाले होते, दारात वाचलं आणि परत आत येऊन बसले.

मावशीला लगेच फोन लावला. काकांना माहीत होतं, हे तिला आजपर्यंत माहीत नव्हतं. एकेचाळीस वर्षं झाली. तिने मला दोनदा विचारलं, "दूध मोजून घेतलं म्हणाली? नुसतं मोजून घेतलं?" मग म्हणाली, वही आण.

मे १९८४ ची वही माझ्याकडे आहे. त्या "बरं"नंतरच्या पानावर, दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, काकांच्या अक्षरात एकच ओळ आहे. मी ती आधी हिशेबाची समजून सोडून दिली होती.

(का) दूध ४ लिटर, कासंडीतून. माप बरोबर.

तुमच्या आजींना प्रवास झेपत नसेल तर आम्ही येतो. मावशी म्हणते रविवारी सकाळची कर्जत लोकल धरू, नेरळला उतरू, तिथून तुमच्या वाडीपर्यंत किती चालावं लागेल ते सांगा. तिला चालायचंच आहे.

---

नेरळचा | शुक्रवार, सकाळी ९:३२

जुम्मापट्टीपर्यंत गाडी मिळते, पुढे वीस मिनिटं पायवाट. मी स्टेशनवर घ्यायला येतो. आजी विचारते, बाई भाकरी खातील ना तांदळाची?

---

अबोली_ब | शुक्रवार, सकाळी ९:४०

खाईल.